त्या पानावरचं अक्षर

लालबाग, मुंबई

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रविवारी माळा रिकामा करताना तू लाल कापडाच्या बांधणीची दुकानाच्या उधारीची ती जुनी चोपडी उघडलीस आणि विचारलंस, "आई, सगळी चोपडी आजोबांच्या अक्षरात आहे, मग या एकाच पानावर तुझं अक्षर कसं?" मी "सांगेन नंतर" म्हटलं आणि वजनं पुसायला घेतली. तुला ठाण्याची गाडी गाठायची होती, विषय तिथंच राहिला. पण पानाच्या डोक्यावरचं नाव तू वाचलं होतंस, ते मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. ते तुझ्या नानांचंच नाव आहे. माझ्या वडिलांचं.

नाना होते तोवर त्यांना ही गोष्ट बोललेली आवडली नसती, आणि आजी होती तोवर तिला. तुझ्या बाबांना सगळं ठाऊक आहे, पण ते सांगायला बसले की दोन वाक्यांतच गप्प होतात. मीही फोनवर सांगू लागले असते तर मध्येच रडले असते आणि तू म्हणाली असतीस, "राहू दे आई, नंतर बोलू." म्हणून लिहायला बसले आहे. पुढच्या महिन्यात गाळ्याची आणि खोलीची किल्ली बिल्डरला द्यायची आहे. त्याआधी हे तुझ्या हाती पडलेलं बरं.

तू पाहिलंस ते दुकान काचेची शोकेस आणि फ्रीज आल्यानंतरचं. मी पाहिलं ते त्याच्या आधीचं, आणि पाहिलं तेही सून म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. आमची चाळ तीन गल्ल्या सोडून होती. हातात चार आणे आणि रॉकेलची बाटली घेऊन मी आठव्या-नवव्या वर्षापासून त्या दुकानात जात होते. त्याला तेव्हा शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर खडूनं नाही, रंगानं आकडा लिहिलेला. सकाळी त्या एकेक करून काढायच्या आणि रात्री त्याच क्रमानं खाचेत सरकवायच्या. सातची चुकून नवाच्या जागी गेली की शेवटची फळी काही केल्या बसायची नाही. रात्री दुकान बंद होतानाचा तो फळ्यांचा आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा आणि आई म्हणायची, "चला, दादांनी दुकान लावलं, आता झोपा."

दादा म्हणजे तुझे आजोबा. सगळी गल्ली त्यांना दादाच म्हणायची. दुकान त्यांनी १९५४ साली घातलं, पागडीच्या जागेत, दहा फूट बाय बारा फूट. पाटीवर नाव आणि पुढे 'जनरल स्टोअर्स'. पुढे तोंडं गुंडाळलेली पोती: तांदूळ, तूरडाळ, चणे, गूळ. त्यामागे बिस्किटांचे पत्र्याचे डबे, बरण्यांतून लिमलेटच्या गोळ्या. वरच्या फळ्यांवर अफगाण स्नो, कॅमलची शाई, बुटांचं चेरी ब्लॉसम, माकडछाप काळी टूथपावडर, विको वज्रदंती, हमाम, पाचशे एकचा बार. खाली खणांमध्ये सुया, बटणं, नाड्या, सेफ्टी पिना, स्टोव्हच्या पिना, कंदिलाच्या वाती, कुलपं. संक्रांतीला पतंग, पाडव्याला साखरेच्या गाठी, जूनमध्ये वह्या, खाकी कागद आणि लेबलं, श्रावणात राख्या, गणपतीत क्रेप कागद, दिवाळीत उटणं आणि मोती साबण. महिना कुठला चालू आहे ते कॅलेंडर न बघता दुकानाच्या दारात काय टांगलंय त्यावरून कळायचं.

पण मला सांगायचंय ते वस्तूंबद्दल नाही. त्या दुकानात सगळं सुटं मिळायचं. एक सुई. एक बटण. पाच पैशांची हळद. चहाची एका वेळची पूड. साबणाचा बार दोऱ्यानं कापून त्यातली एक वडी, आणि वडीही परवडत नसेल तर अर्धी. गोडं तेल डब्यातून पळीनं, आपापल्या बाटलीत, अगदी फोडणीपुरतं. गिरणगावात तेव्हा महिन्याचा किराणा एकदम भरणारी घरं थोडी होती. बहुतेकांचं रोजचं रोज चालायचं, आणि दहा तारखेला पगार झाला की मागचं चुकतं करून पुढचं खातं सुरू.

दादांची एक पद्धत होती. ती मी लहानपणी पाहिली, पण कळली फार उशिरा. किलोभर साखर नेणारा असो की दोन आण्यांची चहापूड, पुडी दोघांची सारखीच बांधायची. रद्दीचा कागद हातातच फिरवून कोन करायचा, टोक आत दुमडायचं, माल ओतला की वरचे दोन कान एकमेकांत घालायचे, आणि छताला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून उभे दोन, आडवे दोन वेढे द्यायचे. दोरा तोडताना करंगळीला एक अढी घालून झटका मारायचा, नाहीतर बोट कापतं. माझं पहिल्या महिन्यात तीनदा कापलं. मी एकदा म्हटलं, "दादा, एवढ्याशा चहाला चार वेढे कशाला? नुसती मुरड घालून दिली तर दोरा वाचेल." ते म्हणाले, "दोरा वाचेल, पण ती बाई पुडी पदराखाली लपवून नेईल." आणखी एक म्हणजे भाव आणि माप ते कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ऐकूच जायचं नाही की कोणी काय आणि किती मागितलं.

वजनांचंही सांगते, कारण तू ती खाऊच्या डब्यात ठेवायला मागत होतीस. लोखंडी वजनांच्या बुडाशी शिसं ओतलेलं दिसेल, त्यावर सरकारी शिक्के आहेत. ती वेळोवेळी तपासून शिक्का मारून आणावी लागायची. दादांनी दुकान घातलं तेव्हा शेर-पावशेर आणि आणे-पैचा हिशेब होता. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-ग्रॅम येऊ लागले. बायका मात्र 'पावशेर'च म्हणत राहिल्या, आजही म्हणतात, फक्त पावशेर म्हणजे पाव किलो झाला. हे पावशेराचं लक्षात ठेव, पुढे लागेल.

माझे वडील, तुझे नाना, गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. साचा खात्यात दोन साचे सांभाळायचे. त्या आवाजात वर्षानुवर्षं राहिल्यानं ते घरीही मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून ऐकायचे. आमचं दादांकडे खातं होतं, दर दहा तारखेला नाना स्वतः जाऊन चुकतं करायचे. मला बरोबर न्यायचे, कारण त्या दिवशी दादा पोरांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मी तेव्हा सतरा वर्षांची. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आधीच्या दिवाळीत बोनसवरून पेटलेलं होतंच. नानांना आणि सगळ्यांनाच वाटलं होतं, महिना, फार तर दोन महिने. पहिले काही दिवस तर सणासारखे होते. नाकं मुठीत धरून पाळीला पळणारे लोक दिवसाउजेडी चाळीच्या ओट्यावर बसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग भोंगे बंद झाल्याचं जाणवायला लागलं. सकाळी सातचा नाही, दुपारी साडेतीनचा नाही. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आम्ही, आम्हाला दुपार कधी झाली तेच कळेना.

होळीपर्यंत शेजारच्या खोल्यांना कुलपं लागायला लागली. कोणी साताऱ्याला, कोणी रत्नागिरीला. "गावी शेतीचं बघून येतो, संप मिटला की कळवा." तू चोपडीत काही नावांपुढे 'गा.' असं अक्षर पाहिलंस ना, ते त्यांचं. गावी गेला. दादांनी त्या नावांवर काट मारली नाही, नुसतं 'गा.' लिहिलं. त्यातले फार थोडे परत आले. त्यांच्या पानांवरच्या रकमा आजही तशाच उघड्या आहेत, आणि दादांनी कोणाच्या गावी एक कार्डही टाकलं नाही.

आम्ही गावी गेलो नाही, कारण गावी आमच्या वाट्याला जमीनच नव्हती. आईनं लिज्जतचे पापड लाटायला घेतले. ती संस्था १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केली होती. पहाटे पीठ आणायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी वजनावर देऊन पैसे घ्यायचे. आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे पापड. त्या पैशात भाडं आणि रेशनचं धान्य निघायचं. बाकीचं दादांच्या चोपडीत चढायचं.

मेच्या सुमारास नानांनी दुकानात जायचं सोडलं. आम्हालाही जाऊ देईनात. दादांनी एका शब्दानं मागितलं नव्हतं, पण नानांना त्या दारावरून चालणंही नको झालं. बाजाराला जायचं तर ते मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचे. घरात डाळ शिजणं बंद झालं. नाना म्हणायचे, "तूरडाळीनं मला पित्त होतं." आयुष्यात त्यांना कधी पित्त झालं नव्हतं.

जूनमध्ये, पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात, संध्याकाळी दाराशी दुकानातला मुलगा उभा. म्हणजे तुझे बाबा. वीस वर्षांचे, पावसात भिजलेले, हातात पुडी. खाली बघूनच म्हणाले, "दादांनी पाठवलंय. मालाच्या पारड्याखाली गुळाचा खडा चिकटला होता, आता लक्षात आलं. तुमची तूरडाळ तेव्हा कमी गेली. तुमचं पावशेर देणं आहे."

नाना त्यांच्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखं ओठांकडे. पुन्हा सांग म्हणाले. तुझ्या बाबांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्दन् शब्द, पाठ केल्यासारखं. नानांनी पुडी घेतली. उभे दोन वेढे, आडवे दोन वेढे. ती बराच वेळ त्यांच्या हातातच होती. मग ते आईला म्हणाले, "टाक शिजायला," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दुकानात गेले.

दादा तराजू रोज सकाळी पुसायचे, दोन्ही पारडी उलटी करून. पारड्याखाली गुळाचा खडा महिनाभर राहणं शक्य नव्हतं. हे मला सून झाल्यावर कळलं. नानांना त्याच क्षणी कळलं असणार.

त्यानंतर खातं पुन्हा चालू झालं. दादांची एकच अट होती, आणि ती सगळ्यांनाच होती: चहा, साखर, डाळ, तेल, रॉकेल, पोरांच्या वह्या यांना उधारी मिळेल, विडी-तंबाखूला नाही. त्यावरून लोक त्यांच्याशी भांडलेही. एकानं तर दुकानासमोर उभं राहून शिव्या घातल्या. दादा ऐकून घेत राहिले, तंबाखू दिली नाही. नानांची तंबाखू त्या वर्षी सुटली ती कायमची.

आता आजीची बाजू. ती सांगितली नाही तर मी तुला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दादा उधारी देत होते, पण त्यांना मशीद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल रोखीनं आणावा लागत होता. संपाच्या आधी त्यांनाही पंधरा दिवसांची सवड मिळायची. गिरणगावातली दुकानं डबघाईला आल्याचं दिसताच ती बंद झाली. मग एके दिवशी दादांनी आजीच्या सोन्याच्या पाटल्या मागितल्या. तिच्या आईनं दिलेल्या. तिनं काढून दिल्या, आणि त्या परत कधी झाल्या नाहीत. त्यानंतर ती हातात नुसत्या हिरव्या बांगड्या घालायची. तू विचारायचीस, "आजी, तुला सोनं आवडत नाही का?" आठवतंय? ती हसून विषय बदलायची.

संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. १९८३ उजाडलं, काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, जुन्यांतले थोडे घेतले, बाकीच्यांना नाही. नानांना घेतलं नाही. पंचवीस वर्षं साचे चालवलेला माणूस, त्यांनी शिवडीला एका गोदामावर रखवालदाराची नोकरी धरली. दिवाळीला दादांनी खतावणीत आमची बाकी काढली: १,२६० रुपये.

माझ्या आणि तुझ्या बाबांच्या लग्नाचं तुला ठाऊक आहे, ते इथे लांबवत नाही. त्या पावसाळ्यापासून त्यांच्या पुड्या आमच्या घरी जरा जास्तच नीट बांधलेल्या यायला लागल्या, एवढंच सांगते. १९८५ च्या मे महिन्यात लग्न ठरलं. दादा नानांना म्हणाले, "आता आपण व्याही झालो, चोपडीतलं ते पान फाडून टाकू." नाना उठून उभे राहिले. म्हणाले, "पान फाडलंत तर मुलगी देत नाही." असं बोलले ते. लग्नाआधी त्यांनी आईच्या पापडाच्या पैशातून आणि सायकल विकून ३१० रुपये आणून दिले. उरले ९५०. दर दहा तारखेला पंचवीस रुपये असं ठरलं.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात डाळ निवडत होते. आजी माझ्याकडे पाठ करून ताक घुसळत होती. तशीच पाठमोरी म्हणाली, "तुझ्या बापाच्या डाळीत माझ्या पाटल्या गेल्या." आवाज चढवला नाही, रडली नाही. मला काय बोलावं सुचलं नाही. मी निवडलेली डाळ पुन्हा निवडत बसले. मनू, त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. दादांचं मोठेपण सगळ्या गल्लीला दिसलं, त्याची किंमत जिच्या हातातून गेली तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग दहा जून आला. दुपारी जेवण झाल्यावर दादा मला म्हणाले, "आजपासून दोन ते पाच तू गल्ल्यावर बस, मी जरा पडतो." मी बसले. चारच्या सुमाराला नाना आले. रखवालदाराचा खाकी सदरा, हातात छत्री. मला गल्ल्यावर बघून दारातच थबकले. मी आत हाक मारली, "दादा, नाना आलेत." दादा आतून बाहेर आले, चोपडी काढून ते पान उघडलं, माझ्यापुढे ठेवलं आणि पेन हातात दिलं. "तू लिही."

मी मान हलवली. माझ्या वडिलांकडून मी पैसे घ्यायचे, सासरच्या गल्ल्यावर बसून? दादा वाकून हळूच म्हणाले, नेहमी माप सांगायचे तसं, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "मी घेतले तर तो मान खाली घालून देईल. तुझ्यापुढे तो मान खाली घालायचा नाही." आणि आत निघून गेले.

नानांनी दहाच्या दोन नोटा आणि पाचाची एक लाकडी फळीवर ठेवली. मी तारीख लिहिली, 'जमा' लिहिलं, पुढे २५ लिहिलं. निब इतकी दाबली गेली की पाच फुगला. तू बघ, त्या पानावरचा पहिला पाच जाड आहे. नाना म्हणाले, "दाखव." मी चोपडी त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी बोट ठेवून वाचलं, बाकी मनात वजा करून पाहिली, "बरोबर" म्हणाले आणि गेले. पाणी विचारलं तर मानेनंच नको म्हणाले. मुलीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही अशी जुन्या माणसांची रीत होती, आणि इथे तर देणंही बाकी होतं.

असे ते ३८ वेळा आले. प्रत्येक दहा तारखेला, चारला. एकदाच १४ तारीख आहे, तेव्हा त्यांना ताप होता. गल्ल्यावर बाकी कोणीही असो, ते मी येईपर्यंत बाहेर फुटपाथवर थांबायचे. पहिल्या पाच-सहा वेळा माझा हात थरथरायचा. मग ती आमची भेटायची वेळ होऊन गेली. लिहून झालं की ते दोन मिनिटं थांबायचे, आई कशी आहे ते सांगायचे, तुझ्या मामाच्या शाळेचं सांगायचे. माहेरी जाणं वर्षातून दोनदा व्हायचं, पण वडील मला दर महिन्याला दिसायचे. दादांनी ते ठरवून केलं होतं की नाही, त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

त्या दोन ते पाचच्या वेळेचं आणखी एक सांगते. मी बसायला लागल्यावर दुपारी बायका यायला लागल्या. आधी त्या येत नव्हत्या असं नाही, पण गल्ल्यावर पुरुष आणि बाहेर पुरुष, त्यामुळे काही वस्तू त्या मागायच्याच नाहीत. पॅड हवे असायचे तर लहान भावाच्या हाती चिठ्ठी पाठवायच्या. ते मी दुपारी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला लागले, पुढे पुढे न गुंडाळताही. कोणी नवऱ्याच्या नकळत साठवायला म्हणून माझ्याकडे रुपया-दोन रुपये ठेवून जायच्या, त्याची मी शंभर पानी वहीत वेगळी नोंद ठेवायचे. ती वही मी जाळली. ती नावं कोणाच्या हाती लागायला नको होती.

पुढचं बरंचसं तुझ्या डोळ्यांसमोरच झालंय. सुटं मिळणं हळूहळू कमी झालं. शाम्पू, चहा, तेल सगळं पाऊचमध्ये आलं. पळीभर मागणाऱ्या गिऱ्हाइकाची गरज कंपन्यांनी बरोबर ओळखली, फक्त पळी गेली. तेल सीलबंदच विकायचं झालं, आणि भेसळीचे प्रकार झाल्यावर ते योग्यच होतं. ३० जून २०११ पासून चार आणे बंद झाले. त्या दिवशी बाबांनी गल्ल्यातले उरलेले चार आणे तुझ्या मुलाला खेळायला दिले. गिरण्यांच्या जागी टॉवर झाले, चाळीतली माणसं बदलापूर-विरारला गेली, दुकानात येणारी ओळखीची तोंडं वर्षाला दोन-चार अशी कमी होत गेली.

पण २६ जुलै २००५ ची रात्र तू ठाण्याला अडकली होतीस, ते तू पाहिलं नाहीस. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्याकडेही दुकानात गुडघ्याच्या वर पाणी आलं. बाबा साखरेची गोणी उचलत होते, मी आगपेट्या वर टाकत होते. आजी दारात उभी राहून ओरडली, "साखर मरू दे, आधी चोपडी वर टाका." मी थांबून तिच्याकडे बघितलं. हातात हिरव्या बांगड्या, पदर खोचलेला, पाण्यात पोटऱ्या बुडालेल्या. तिनं माझ्या हातातून चोपड्या घेतल्या आणि स्वतः शिडीवर चढून माळ्यावर ठेवल्या. म्हणून तू परवा ते पान उघडू शकलीस.

आता शेवटची नोंद. १० जुलै १९८८. तू दीड वर्षाची होतीस, माझ्या मांडीवर, पेनाला हात घालत होतीस. बाहेर पावसाची झड होती. नाना आले, छत्री कोपऱ्यात उभी केली, पंचवीस रुपये ठेवले. मी जमा मांडले, बाकीच्या रकान्यात शून्य घातलं आणि खाली लिहिलं, 'खाते चुकते'. त्यांनी नेहमीसारखं बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. दादा आतून येऊन मागे उभे होते, ते मला ठाऊकच नव्हतं.

नानांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून आणखी एक नोट काढली, घडी उलगडून फळीवर ठेवली आणि दादांकडे बघत मला म्हणाले, "पावशेर तूरडाळ दे. रोख."

लग्नानंतर त्यांनी त्या दुकानातून विकत घेतलेली ती पहिली वस्तू. मी तराजू उचलला. आधी दोन्ही पारडी उलटी करून पुसली, मग एका पारड्यात पाव किलोचं वजन टाकलं, दुसऱ्यात डाळ ओतली. काटा मध्ये आला. मी सवयीनं वर चिमूटभर टाकायला गेले, तर नाना म्हणाले, "नको. बरोबर पावशेर."

मी चिमूट परत पोत्यात टाकली. पुडी बांधली, उभे दोन, आडवे दोन. त्यांनी उरलेले पैसे मोजून घेतले. आणि मग म्हणाले, "आता पाणी दे थोडं. आणि पोरीला इकडे दे."

चोपडी मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आहे, ती रद्दीत जायची नाही. वजनांपैकी पाव किलोचं मला हवं आहे, बाकीची तू ने. पुढच्या रविवारी येशील तेव्हा मोठी पिशवी आण, फळ्याही दाखवायच्या आहेत. सात नंबरची अजून शाबूत आहे.

तब्येतीला जप.

तुझी,
आई